बत्तीस ते चौतीस हर्ट्झ

"सर, हे बत्तीस आणि चौतीस कशासाठी दिलंय?" जानेवारीतली सकाळ होती, गाळप जोरात सुरू होतं आणि आम्ही दोघं एका साखर कारखान्याच्या बॉयलरशेजारच्या पॅनेल रूममध्ये आयडी फॅनच्या, म्हणजे भट्टीतला धूर ओढून चिमणीकडे पाठवणाऱ्या पंख्याच्या, ड्राइव्हसमोर उभे होतो. ड्राइव्ह म्हणजे मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे हर्ट्झ, बदलून तिची गती ठरवणारं उपकरण. रात्रपाळीच्या त्या तरुण इंजिनिअरचे डोळे तारवटलेले होते, तरी घरी न जाता तो माझ्याबरोबर एकेक पॅरामीटर वाचत होता. कीपॅडमधल्या कॉपीवरून सगळी सेटिंग परत आली होती. फॅन फिरत होता, भट्टीचा ड्राफ्ट, म्हणजे आतल्या हवेचा दाब, उणे पाच मिलिमीटरच्या आसपास स्थिरावला होता. स्किप फ्रिक्वेन्सीच्या जागी हे दोन आकडे होते: ३२ आणि ३४. म्हणजे फॅनने या दोन आकड्यांच्या मध्ये रेंगाळायचं नाही, वर जाताना किंवा खाली येताना तेवढा पट्टा ओलांडून जायचा. मी त्याला हे सांगितलं. "ते कळलं सर, पण तेवढाच पट्टा का?" तो म्हणाला. याचं उत्तर त्या खोलीत कुणाकडेच नव्हतं. त्या ड्राइव्हचं कमिशनिंग करणारे लोक मला माहीत नव्हते, कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागातले त्या वेळचे लोक निवृत्त झाले होते. पॅनेलच्या दाराला आतून एक लॅमिनेट केलेला कागद अडकवलेला होता. त्याच्यावर पॅरामीटरचा क्रमांक, नाव आणि आकडा एवढंच होतं.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आदल्या रात्री काय झालं ते आधी सांगायला हवं. ड्राइव्ह ओव्हर टेम्परेचरवर सारखा ट्रिप होत होता, म्हणजे तापून आपोआप बंद पडत होता. कारण अगदी साधं होतं, बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, बारीक भुसा फिल्टर ओलांडून ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पाकळ्यांमध्ये जाऊन बसला होता आणि हवा पुढे सरकत नव्हती. पण रात्री दोन वाजता, आयडी फॅन बंद म्हणजे बॉयलर बंद, स्टीम उतरतोय, टर्बाइनवरून फोन, मिल हाउसवरून फोन, यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, अशा वेळी माणसाला हीटसिंक आठवत नाही. कुणीतरी फोनवर सांगितलं, "डिफॉल्टला टाक, जाईल." त्याने टाकलं, म्हणजे ड्राइव्हची सगळी सेटिंग कंपनीच्या मूळ आकड्यांवर नेली. त्यात मी त्याला दोष देत नाही. रिसेटच्या त्या बटणांत एक आश्वासन असतं, की मधलं सगळं पुसून टाका आणि जिथून सुरुवात झाली तिथे परत जा. त्या घटकेला ते कुणालाही हवंहवंसं वाटेल.

रिसेटनंतर ओव्हर टेम्परेचर गेलं, कारण एव्हाना ड्राइव्ह थंड झाला होता. पण आता तो ओव्हर व्होल्टेजवर ट्रिप व्हायला लागला. आयडी फॅनचा इम्पेलर जड असतो, सप्लाय तुटला तरी कितीतरी वेळ फिरत राहतो, शिवाय चिमणीची ओढ त्याला फिरवत असतेच. फिरत्या मोटरला आधी तिची गती ओळखून मगच हाताशी धरायचं, त्यासाठी फ्लाइंग स्टार्ट हे सेटिंग असतं, आणि ते बऱ्याच ड्राइव्हमध्ये डिफॉल्टला बंद असतं. मग ड्राइव्ह शून्यापासून हळूहळू फ्रिक्वेन्सी वाढवायला जातो, फॅन मात्र आधीच त्याहून वेगात असतो. मोटर जनरेटर होते आणि वीज उलटी ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसमध्ये, म्हणजे एकदिश विजेच्या साठ्यात, शिरते. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ही बस साधारण ५८७ व्होल्टला असते, तिथून ती भराभर चढते आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. त्या मुलाला वाटलं, ड्राइव्हच गेला. पहाटे मला फोन आला.

मी पोहोचलो तेव्हा आवारात मळीचा तो आंबूस-गोड वास दाटलेला होता आणि दिव्यांच्या उजेडात बगॅसचे कण तरंगत होते. फॅन कसाबसा हातावर, म्हणजे लोकल मोडवर, चालू करून ठेवला होता. पॅनेल रूमच्या दारातच बॉयलर अटेंडंट मामा भेटले. वय साठीच्या अलीकडे, गळ्याभोवती मफलर. "आवो साहेब, आवाज बदललाय बगा मोटरचा," ते म्हणाले. "रोजचा न्हाई ह्यो." मी कान दिला. मोटरमधून एक बारीक, किनरा सूर येत होता. स्विचिंग फ्रिक्वेन्सीसुद्धा डिफॉल्टला गेली होती. ड्राइव्हमधले आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला किती वेळा उघडझाप करतात, त्यावर मोटरचा तो सूर ठरतो. डिस्प्लेवर एकही अलार्म नव्हता, सगळं हिरवं होतं. काहीतरी बदललंय हे त्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या एका माणसाच्या कानाला मात्र कळलं होतं.

रिसेट करायच्या प्रत्येक कंपनीच्या तऱ्हा वेगळ्या. डॅनफॉसच्या व्हीएलटीवर सप्लाय काढायचा, डिस्प्ले विझेपर्यंत थांबायचं, मग स्टेटस, मेन मेनू आणि ओके ही तीन बटणं एकदम दाबून ठेवून सप्लाय द्यायचा. सीमेन्सच्या जुन्या मायक्रोमास्टरवर पी००१० मध्ये ३० आणि पी०९७० मध्ये १. यास्कावाच्या ए१००० ला ए१-०३ मध्ये २२२० टाकलं तर टू-वायर कंट्रोल धरून सगळं मूळपदाला जातं, ३३३० टाकलं तर थ्री-वायर धरून. डेल्टाच्या बऱ्याच ड्राइव्हना ००-०२ मध्ये ९ किंवा १० द्यायचं. या ९ आणि १० मध्ये केवढं अंतर आहे ते मी अनेकांना वेळ काढून सांगतो. ९ म्हणजे ५० हर्ट्झच्या जगाचे डिफॉल्ट, १० म्हणजे ६० हर्ट्झच्या. आपल्याकडे १० टाकलं की ५० हर्ट्झला मोटरला हवा तेवढा व्होल्टेज मिळत नाही, आणि पूर्ण स्पीड मागितला की ती ६० पर्यंत जाते. पंख्याला लागणारी पॉवर गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे गती वीस टक्के वाढली की पॉवर १.७३ पट होते. एका आकड्याच्या फरकाने मोटर जळू शकते, आणि जळेपर्यंत ड्राइव्हवर सगळं ठीकच दिसतं.

डिफॉल्ट म्हणजे तरी काय? कारखान्यातून निघताना ड्राइव्हला कसलीच कल्पना नसते की आपण कुठे जाणार. म्हणून तो एक सर्वसाधारण मोटर मनात धरतो, स्वतःच्या किलोवॅटची, चार पोलची. आमच्या आयडी फॅनची मोटर सहा पोलची, हजार आरपीएमच्या आतली. ड्राइव्हला ते कुणीतरी सांगावं लागतं. नेमप्लेटवरचे अँपिअर, आरपीएम सांगावे लागतात, ट्यूनिंग करून मोटरच्या वाइंडिंगची ओळख करून द्यावी लागते. थांबताना किती सेकंद घ्यायचे, भट्टीत हवा उलटी येऊ नये म्हणून किती हर्ट्झच्या खाली जायचंच नाही, हे सगळं कुणीतरी एकेका रात्री, एकेका ट्रिपनंतर शिकवलेलं असतं. नवा ड्राइव्ह आणि पाच हंगाम चाललेला ड्राइव्ह यांत लोखंड-तांब्याचा फरक फार नसतो, फरक या शिकवणीचा असतो.

आणि तरी रिसेटने सगळं जात नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ ती मॅन्युअलची ओळ वाचत बसलो होतो. व्हीएलटीवर ती तीन बटणं दाबूनही चार गोष्टी तशाच राहतात: ड्राइव्ह किती तास चालला, किती वेळा पॉवर आली, किती वेळा तापला, किती वेळा व्होल्टेज चढला. आपण दिलेलं सगळं विसरतो, पण अंगावर आलेलं विसरत नाही. मोजणाऱ्यांनी हे हिशेबाने केलंय, वॉरंटीसाठी, कपॅसिटरचं आयुष्य कळावं म्हणून. मला मात्र त्या चार आकड्यांकडे बघताना दरवेळी काहीतरी होतं. डिस्प्लेवर सगळं कोरं असतं, आणि चालू तासांचा १५-०० हा पॅरामीटर उघडला की हजारो तास समोर येतात.

मी शिकाऊ होतो तेव्हा रिसेट हा प्रकारच नव्हता. साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल मशीनवर डीसी मोटर होत्या आणि थायरिस्टरचे ड्राइव्ह. कार्डावर छोटे छोटे प्रीसेट असायचे, पितळी स्क्रूचे. करंट लिमिट, रॅम्प, आयआर कॉम्पेन्सेशन, सगळं टेस्टरच्या टोकाने फिरवायचं. आमच्या फोरमनच्या टूल बॉक्समध्ये पक्कड, टेस्टर, मेगर याच्या जोडीला लाल नेलपॉलिशची बाटली असायची. सेटिंग मनासारखं जमलं की प्रीसेटच्या डोक्यावर एक ठिपका द्यायचा. कंपनाने हलायला नको आणि कुणी हात लावला तर कळायला हवं. तो ठिपका वाळेपर्यंत ते कार्डावर फुंकर घालत उभे राहायचे. कार्ड जळलं की नवं आणायचं आणि जुन्यावरच्या स्क्रूची खाच किती वाजता वळलेली आहे ते बघून नव्यावर तेवढीच वळवायची. तेव्हा हेच बॅकअप होतं. आज मेमरीत शेकडो पॅरामीटर मावतात, पण तो लाल ठिपका म्हणजे 'इथे विचार झालेला आहे' अशी खूण होती. ती मला आजच्या डिस्प्लेवर कुठेच दिसत नाही. ३२ आणि ३४ हे आकडे आणि न बदललेले डिफॉल्टचे आकडे, दोन्ही एकाच फॉन्टमध्ये दिसतात.

कधीकधी जुन्या बाजारातून आणलेला ड्राइव्ह हातात येतो. मालक म्हणतो, साहेब, आपल्या पंपाला बसवून द्या. सप्लाय दिल्यावर त्यात आधीच्या मशीनचं सगळं तसंच असतं. मॅक्सिमम फ्रिक्वेन्सी ९०, चार प्रीसेट स्पीड, ब्रेक रेझिस्टर चालू, थांबायला फार लांब रॅम्प. एखादं कपडे पिळायचं मोठं मशीन असावं, डाइंगमधलं. दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडल्यासारखं वाटतं. कुठला कारखाना, बंद का पडला, हे आकडे ज्याने बसवले तो आता काय करतो? इथे रिसेट करावाच लागतो, तेच बरोबर असतं. अनोळखी सेटिंगवर आपली चार सेटिंग चढवणं हा सगळ्यात धोक्याचा मार्ग, कारण कुठलं आपलं आणि कुठलं त्याचं हे नंतर कळत नाही. म्हणून मी तो आधी पूर्ण पुसतो. पण पुसायच्या आधी ती यादी एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतो. तिचा उपयोग काहीच नसतो.

कॉपीबद्दल मला जीव तोडून सांगावंसं वाटतं. कीपॅडमध्ये कॉपी घेण्याची सोय जवळजवळ सगळ्यांकडे आहे. डॅनफॉसमध्ये ०-५० ला 'ऑल टू एलसीपी' म्हणजे ड्राइव्हमधून कीपॅडमध्ये, 'ऑल फ्रॉम एलसीपी' म्हणजे कीपॅडमधून ड्राइव्हमध्ये. शिवाय मोटरचा डेटा सोडून बाकीचंच उतरवायची सोय असते, ड्राइव्हचा किंवा मोटरचा साइझ बदलला तर तीच वापरायची. एबीबीच्या पॅनेलवरही पूर्ण सेट आणि फक्त ॲप्लिकेशनचा सेट असे दोन मार्ग आहेत. ड्राइव्ह खरोखर जळतो, नवा बसतो, जुना कीपॅड त्याच्यावर लावला जातो, आणि घाईत उलटी दिशा निवडली जाते. कोऱ्या ड्राइव्हचं कोरेपण कीपॅडमध्ये जातं आणि त्या मशीनची जगातली एकमेव कॉपी पाच सेकंदांत संपते. म्हणून कीपॅडला हात लावायच्या आधी लॅपटॉपवर दुसरी कॉपी हवी. आणि सीमेन्सच्या जी१२० सारख्या ड्राइव्हवर लॅपटॉपवरून बदल केले तर शेवटी रॅममधून रॉममध्ये उतरवल्याशिवाय उठायचं नाही, नाहीतर पुढच्या लोडशेडिंगला सगळी मेहनत जाते. पोरं हल्ली डिस्प्लेचे फोटो काढून ठेवतात. तेही चांगलंच, पण फोन बदलला की फोटो जातात, आणि पोरगं नोकरी बदललं की फोनच जातो.

त्या आयडी फॅनची कीपॅडमधली कॉपी शाबूत होती. म्हणून तर सकाळी सातपर्यंत सगळं जागेवर आलं. हीटसिंक ब्लोअरने साफ केला, फिल्टर बदलले, मोटरचा सूर पुन्हा खाली आला, मामांनी मान हलवली. काम झालं होतं. ३२ आणि ३४ हेही जसेच्या तसे परत आले होते. बोचत होतं ते तेवढंच.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामासाठी त्याच कारखान्यात गेलो तेव्हा मुद्दाम बॉयलर कंट्रोल रूममध्ये थांबलो. मामांची पाळी होती. त्यांना विचारलं, बत्तीस-तेहेतीसला काय होतं हो या फॅनला? "आता काय होत न्हाई," ते म्हणाले. "पूर्वी व्हायचं. डक्टचा पत्रा असा वाजायचा की इथं टेबलावरचा चहा हलायचा." आणि आता? "आता छत्तीस-सदतीसला धरतंय." कधीपासून? "गेल्या ऑफ सीझनला फॅनच्या खालच्या फ्रेमला चॅनेल मारलं की, तवापासनं."

मी क्षणभर काही बोललोच नाही. चॅनेल जोडून फ्रेम कडक केली की तिची स्वतःची कंपनं वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकतात. तेहेतीसचं दुखणं साडेछत्तीसला जाऊन बसलं होतं. ड्राइव्ह मात्र अजून इमानाने बत्तीस ते चौतीस राखत होता, जिथे आता काहीच नव्हतं. आणि त्या सकाळी आम्ही अगदी काळजीपूर्वक, आकडान् आकडा पडताळून, तेच परत आणलं होतं. रिस्टोअर बरोबर झालं होतं, पण ते चॅनेल मारायच्या आधीच्या फॅनसाठी बरोबर होतं.

मग छत्तीस-सदतीसला फॅन जातच नाही का? तसं कसं होईल? बगॅस ओला आला की तेवढ्याच स्टीमला तो जास्त जाळावा लागतो, वाफ आणि धूर वाढतो, ड्राफ्ट आपोआप सांभाळणारा पीआयडी कंट्रोल फॅनला वर ढकलतो, आणि तो नेमका तिथेच जाऊन बसतो. "मग तुम्ही काय करता?" मामांनी हात लांब करून दाखवलं. ड्राफ्टचा सेट पॉइंट अर्धा मिलिमीटर इकडे, नाहीतर एफडी फॅन, म्हणजे भट्टीत हवा ढकलणारा पंखा, थोडा कमी. आकडा छत्तीसच्या अलीकडे नाहीतर अडतीसच्या पलीकडे जाईपर्यंत बारीक बारीक हलवायचं. त्यांच्या पाळीत ते, दुसऱ्या पाळीत दुसरे मामा. त्यांनी हे वरती सांगितलं होतं, "बॅलन्सिंग करून घेऊ" असं उत्तर मिळालं होतं. तोवर दोन पाळ्यांमधली माणसं हाताने स्किप फ्रिक्वेन्सी चालवत होती. तिसऱ्या पाळीत नवीन माणूस होता, त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या पाळीत डक्ट वाजत राहायचा.

हंगाम संपल्यावर मे महिन्यात आम्ही फॅन थंड हवेवर चालवून बघितला. थंड हवा गरम धुरापेक्षा जड असते, त्यामुळे अँपिअर जास्त घेतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. तो तरुण इंजिनिअर कीपॅडवर अर्ध्या-अर्ध्या हर्ट्झने वाढवत होता, मी बेअरिंगच्या पेडेस्टलला व्हायब्रेशन मीटर टेकवून उकिडवा बसलो होतो. तीसपासून पस्तीसपर्यंत काटा शांत. साडेपस्तीसला हालचाल सुरू झाली, साडेछत्तीसला पायाखालच्या काँक्रीटमधून पोटरीपर्यंत जाणवायला लागलं, पत्रा वाजायला लागला, अडतीसनंतर पुन्हा सगळं निवांत. मामाही आले होते, सुट्टी असून. मीटरकडे न बघता डक्टच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभे होते आणि "आता, आता," म्हणत होते. त्यांचा "आता" आणि मीटरचा आकडा एकाच वेळी वर गेला.

स्किपचा पट्टा साडेपस्तीस ते अडतीस केला. हा कायमचा उपाय नाही, हे मी लेखी दिलं. कामाच्या टप्प्याच्या मधोमध असा पट्टा ठेवला की पीआयडी या काठावरून त्या काठावर उड्या मारतो, ड्राफ्ट थोडा डोलतो. डक्टचे सपोर्ट मेकॅनिकलवाल्यांनी सुधारायला हवेत आणि ते सुधारले की हे आकडे पुन्हा खोटे पडतील. म्हणून दाराच्या आतला तो लॅमिनेट केलेला कागद आम्ही काढून टाकला. नवा कागद साधाच, प्लास्टिकच्या पिशवीत, पेनने लिहिता येईल असा. आकड्याच्या पुढे दोन रकाने जास्त: का, आणि कधीपासून. स्किप फ्रिक्वेन्सीच्या ओळीत त्या मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: फ्रेमला चॅनेल मारल्यावर कंपन इथे आलं, डक्ट सपोर्ट बदलल्यास पुन्हा तपासणे. खाली तारीख, आणि त्याच्या आग्रहावरून मामांचंही नाव.

सगळ्या ओळी भरायला दुपार गेली. बऱ्याचशा भरता आल्या. एक राहिली. स्टार्ट दिल्यावर बारा सेकंद थांबून मगच फॅन सुरू होतो, असं एक सेटिंग आहे. डॅम्परसाठी, म्हणजे डक्टमधल्या झडपेसाठी, असेल म्हणावं तर डॅम्परचा इंटरलॉक वेगळा आहे. ते आम्ही बदललं नाही. 'का' या रकान्यात "माहीत नाही, विचारणे" असं लिहून ठेवलं. त्या वेळचे एक वायरमन शेजारच्याच गावात राहतात, शेती बघतात, असं मामा म्हणाले. सोयाबीनची पेरणी आटोपली की त्यांच्याकडे जायचं ठरवलंय, आम्ही तिघांनीही.